वीसपट विश्रांती

५ सप्टेंबर, शिक्षक दिन. संध्याकाळी सहा.

शाळेत सत्कार झाला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. सरपंचांनी आम्हाला राष्ट्राचे शिल्पकार म्हटलं. माझ्या शेजारी सुग्रीव सर बसले होते. सुग्रीव म्हणजे माझा डी.एड.चा बॅचमेट. तिसरी त्याच्याकडं, चौथी माझ्याकडं. अंगावर शाल पडल्या पडल्या तो कानात म्हणाला, मन्मथ, ही शाल जपून ठिव बे, घरी बसल्यावर पांघरायला व्हईल.

कोर्टाचा निकाल आलाय. नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली असेल त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर घरी. माझी चौदा उरलीत. एकवीस वर्षं शिकवतोय. दीडशेपैकी नव्वद मार्क पाहिजेत.

मी घाबरलेलो नाही. नारळ हातातून सुटला तो घामामुळं.

निश्चय: उद्यापासून पहाटे चार ते सहा अभ्यास. ही वही फक्त माझ्यासाठी. पास झाल्यावर इतर शिक्षकांना मार्गदर्शन करावं लागेल, तेव्हा टिपणं हाताशी असावीत.

६ सप्टेंबर. सकाळी सव्वासात.

अलार्म वाजला नाही. बायको, महानंदा, म्हणते तीनदा वाजला.

७ सप्टेंबर. रविवार.

वेळापत्रक तयार केलं. पाच विषय, पाच रंग. बालमानसशास्त्र हिरवं, गणित लाल. लाल स्केचपेन सुकलं होतं म्हणून घाटनांदूरच्या बाजारात गेलो. तिथं ओळखीचे चार जण भेटले, चौघांनीही एकच विचारलं. सर, तुमची परीक्षा हाय म्हणं. सगळ्या गावाला कसं कळतं? येताना मागच्या गल्लीनं आलो. तिथं सावली असते.

वेळापत्रक भिंतीवर लावलं. सुंदर दिसतं. एवढ्या मेहनतीनंतर आज अभ्यास करणं योग्य वाटलं नाही.

११ सप्टेंबर

गणित उघडलं. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा नळ तीच टाकी सहा तासांत रिकामी करतो. दोन्ही चालू ठेवले तर टाकी किती तासांत भरेल?

प्रश्नच चुकीचा आहे. आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो, तो कुणी उघडा ठेवील का?

महानंदा उंबऱ्यात मेथी निवडत होती. तिथूनच म्हणाली, बारा तास. मी विचारलं, कशावरून? म्हणाली, आसंच. अंदाज असणार. तिचंही डी.एड. झालंय, पण ती बाहेर पडली आणि भरती बंद झाली, मग लग्न झालं, मग मुलगा झाला. आता मुलगा लातूरला शिकायला आणि ही घरी. एवढ्या वर्षांत माणूस सगळं विसरतो. मी तर रोज शिकवूनही विसरलोय.

हे वाक्य नंतर खोडावं.

१७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. दुपारी एक.

झेंडावंदनानंतर सुग्रीवनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. आयुष्य बदलणारा. काहीही नवीन शिकलं की लगेच दहा मिनिटं गप्प बसायचं. झोपायचं नाही, बोलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. डोळे मिटून जागं राहायचं, बस. आत मेंदू नुकतंच शिकलेलं पुन्हा पुन्हा घोळवतो आणि पक्कं करतो. शास्त्रज्ञांनी प्रयोग केलेत. एका प्रयोगात लोकांना बोटांनी आकडे दाबायला शिकवलं, तर मधल्या विश्रांतीत त्यांचा मेंदू तोच क्रम वीसपट वेगानं चालवत होता.

वीसपट!

सुग्रीव म्हणाला, आपल्या मेंदूचा काय भरवसा न्हाई बे, तो उलटा बी चालवील. त्याची वृत्ती नकारात्मक आहे.

१८ सप्टेंबर. सकाळी अकरा, मोकळा तास.

हिशोब करून पाहिला. दहा मिनिटं विश्रांती गुणिले वीस, म्हणजे दोनशे मिनिटांचा अभ्यास. रोज एक तास शांत बसलो तर वीस तास. वीस तास अभ्यास करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही.

म्हणजे अवघड भाग अभ्यास नाहीच, बसणं आहे. आणि बसायला आपण कमी नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी एकवीस वर्षं पोरांना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ सांगत आलोय. वर्ग शांत राहावा म्हणून सांगायचो, असं लोकांना वाटत असेल. मलाही वाटायचं. पण ही वीसपट पद्धतच होती! शास्त्रज्ञ आत्ता पोचले.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

१९ सप्टेंबर. सकाळी साडेसहा.

पद्धत सुरू. पाच वाजता उठलो (चार अव्यवहार्य आहे). मोठ्यानं वाचलेलं जास्त लक्षात राहतं, आणि मोठ्यानं वाचायला समोर कुणीतरी पाहिजे. म्हणून महानंदाला बसवलं. ती तेव्हा आंघोळ करून ओले केस पाठीवर सोडून बसलेलीच असते. पंधरा मिनिटं बालमानसशास्त्र वाचलं. मुलाच्या विचारशक्तीच्या चार अवस्था. ती म्हणाली, थोडं हळू वाचा की, पळून चाललंय का ते? मग कपाळाला विभूती लावून पूजेला बसली. डाव्या तळव्यावर इष्टलिंग, नजर त्याच्यावर, हालचाल नाही. तिचं हे लग्न झाल्यापासून असंच आहे. माझी पूजा आटोपशीर असते.

मी अंगणातल्या खुर्चीत बसलो. बसण्याआधी पाच मिनिटं मोबाईल पाहून घेतला. विश्रांतीत मोबाईल चालत नाही, म्हणून आधीच उरकला. सुग्रीवनं एक व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय, ‘टीईटीग्रस्त शिक्षक’. त्यात पाच छप्पन्नला त्यानं टाकलं होतं की वरून तोंडी आदेश आलाय, यंदा पेपर मुद्दाम अवघड काढणार.

मग डोळे मिटले. दहा मिनिटं. छाती धडधडत होती. मेंदू काम करत असल्याचं ते लक्षण असावं.

 

२४ सप्टेंबर

आजचा अभ्यास: प्रत्यक्ष पंधरा मिनिटं. विश्रांती चाळीस मिनिटं. परिणामी आठशे मिनिटं, म्हणजे तेरा तास वीस मिनिटं.

महानंदा म्हणते घोरण्याचा आवाज आला. अवो, तुमी बसलाव का झोपलाव? मी सांगितलं, खोल विश्रांतीत श्वास असाच लागतो. ती म्हणाली, व्हिडिओत तर जागं ऱ्हावा म्हणलंय. तिला व्हिडिओ दाखवायलाच नको होता.

३० सप्टेंबर. दुपारी चार.

फॉर्म भरला. शहादेवच्या ऑनलाइन सेंटरवर गेलतो. शहादेव माझाच विद्यार्थी. चौथीत असताना त्याला सातचा पाढा येत नसे, आता अख्ख्या घाटनांदूरचे फॉर्म तोच भरतो. म्हणाला, सर, तुमी? परीक्षा? मग लगेच, न्हाई न्हाई, चांगलंच हाय की. खुर्ची पुसून दिली. खुर्ची पुसली नसती तर बरं झालं असतं.

महानंदाचाही फॉर्म भरला. तिनं मागितला नव्हता. एकाच वेळी भरले तर परीक्षेचं सेंटर एकच येतं, असं शहादेव म्हणाला. बीडला जायचं, शंभर किलोमीटर. मी एकटा जाऊ शकतो. पण बाईमाणसाचा आत्मविश्वास वाढावा, तिनंही जग पाहावं, असा विचार केला. तिला सांगितलं तर म्हणाली, तुमाला सोबत पाहिजे आसं सरळ म्हणा की.

फोटो काढताना शहादेव म्हणाला, सर, जरा हसा. तीन वेळा म्हणाला.

८ ऑक्टोबर

वर्गात पद्धत लागू केली. प्रत्येक पाठानंतर दहा मिनिटं डोळे मिटून गप्प. पहिल्या दिवशी हसली पोरं, आता बसतात. आज मागच्या आठवड्यातलं विचारलं. तेवीसपैकी एकोणीस जणांना आलं. शिवकन्यानं तर जिल्ह्यातल्या नद्या उगमासकट सांगितल्या. एवढ्या मी शिकवल्या होत्या का, ते पुस्तकात पाहावं लागलं.

म्हणजे पद्धत सिद्ध झाली. मला खात्री होतीच.

सुट्टीत शिवकन्या टेबलाजवळ आली. तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात. ती मावशीकडं राहून शाळा करते. म्हणाली, सर, तुमची बी परीक्षा हाय ना? मी हो म्हटलं. तुमी नापास झालाव तर? मी म्हटलं, शिक्षक नापास होत नसतात. तिनं थोडा विचार केला. म्हणाली, मग ऊस तोडाय जाताव का? आमच्या टोळीत नवराबायकोची एक जोडी कमी हाय, मी पप्पाला सांगते.

तिनं हे मदत म्हणून विचारलं. मी हसलो. नंतर बराच वेळ फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो.

१४ ऑक्टोबर

सराव प्रश्नपत्रिका सोडवली. दीडशेपैकी एक्केचाळीस.

कारणं: एक, पत्रिका जुनी. दोन, शेजारी बोअरचं काम चालू. तीन, पर्याय मुद्दाम सारखे दिले होते. खरी क्षमता यातून कळत नाही.

पंख्याखाली बसूनही बनियन भिजलं. बालमानसशास्त्राचे प्रश्न मोठ्यानं वाचत होतो. सात ते अकरा वयाची अवस्था कोणती? स्वयंपाकघरातून आवाज, मूर्त क्रियात्मक. भाकरी थापता थापता! पुढचे पाच प्रश्न मुद्दाम वाचले. पाचही बरोबर. मी म्हटलं, तुला कावून लक्षात राहतं गं? म्हणाली, मला काय म्हाईत, पूजेला बसल्यावर तुमचाच आवाज येतो आतून, देवाचं नाव घ्यावं म्हणलं तरी तुमचं पुस्तकच चालू ऱ्हातं.

हे ऐकीव ज्ञान आहे. परीक्षेत टिकत नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

महानंदानं ओवाळलं. म्हणाली, पास व्हा. डोळ्यांत पाणी आलं. फटाक्यांचा धूर.

माझी स्मरणशक्ती मात्र जबरदस्त वाढलीय. आज सुग्रीव फराळाला आला. म्हणाला, ते कॅमेऱ्याचं कुणी टाकलं होतं बे ग्रुपवर? मी सांगितलं, तूच, सोळा तारखेला, पहाटे पाच एक्कावन्नला. ‘वर्गात कॅमेरे बसवणार, डोळ्यांची हालचाल टिपणार, नजर हलली की पेपर रद्द.’ पुढं तीन रडके चेहरे. तो बघतच राहिला. मी पुढंही म्हणून दाखवलं. अकरा तारखेचा, चुकीच्या उत्तराला मार्क कापणार. तेरा तारखेचा, नापास शिक्षकांची नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणार. एकूण एकोणतीस मेसेज, तारीखवार, वेळेसकट.

पद्धत चालते याला आणखी काय पुरावा हवा?

महानंदा लाडू वाढता वाढता थांबली. माझ्या मोबाईलकडं बघितलं. मग लाडू सुग्रीवच्या ताटात टाकला.

२९ ऑक्टोबर

शिवकन्याचे आईबाप गेले. ट्रॅक्टर शाळेवरूनच गेला. शिवकन्या मावशीकडं राहिली, पण वर्गातली सात पोरं आईबापाबरोबर गेली. उरलेली सोळा डोळे मिटून बसली होती. मीही मिटले. ट्रॅक्टरचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकला. त्या टोळीत एक जोडी कमी आहे, हे उगाच आठवलं.

५ नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा

कपिलधारच्या यात्रेला जाऊन आलो. पास झालो तर पुढच्या वर्षी घाटनांदूरपासून चालत येईन, असं देवाला कबूल केलं. नंतर घाबरलो, की हे लवकर कबूल केलं का? अंतर फार आहे. पास झालो तर पाय जातील, नापास झालो तर नोकरी.

येण्याजाण्यात दोन दिवस गेले. पण एसटीत सहा तास डोळे मिटून होतो. सहा गुणिले वीस.

१२ नोव्हेंबर. दुपारी तीन. शाळा सुटायच्या आधी.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मला भीती वाटते.

सकाळी डोळे मिटले की आधी जिना दिसतो, बीडच्या कुठल्यातरी शाळेचा. मग बंद दार. मग शहादेव स्क्रीनकडं बघतोय आणि काही बोलत नाही. दहा मिनिटं हेच पुन्हा पुन्हा. हेही वीसपट वेगानं होत असेल तर मी रोज दोनशे वेळा नापास होतोय.

भीती नोकरीची आहेच. पण त्यापेक्षा वेगळी एक आहे. काल चौथीच्या गणिताच्या पुस्तकात एक उदाहरण मला आलं नाही. चौथीच्या. एकवीस वर्षं मी ते फळ्यावर लिहितोय आणि उत्तर पुस्तकामागं बघून सांगतोय. मला कुणी विचारलं नाही म्हणून मला येतं, असं मी धरून चाललो होतो. आता विचारणार आहेत.

महानंदाला सांगावं वाटलं. सांगितलं नाही. तिला मी धीर द्यायला पाहिजे.

१३ नोव्हेंबर

कालचं थकव्यातून लिहिलं. दुर्लक्ष करावं. नवीन निश्चय: विश्रांती दीड तास.

२० नोव्हेंबर

हॉल तिकीट आलं. सेंटर एकच, पण मी खोली अकरा, ती खोली तीन. मधे दोन मजले. शहादेवला म्हटलं, बदलता येईल का? म्हणाला, न्हाई सर, ते कॉम्प्युटर करतंय. मी तिथंच खाली बसलो. त्यानं लिंबूसोडा मागवला. माणूस झाला पोरगा.

काळे बॉलपेन अकरा घेतले. खोली नंबरइतके.

२२ नोव्हेंबर. शनिवार. दुपारी दोन.

शाळा सुटताना शिवकन्यानं खोडरबर दिला, झिजलेला, एका कोपऱ्याला चावल्याचे दात. म्हणाली, मी ह्यानं पेपर दिलता तवा समदं बरोबर आलतं. तिला सांगितलं की आम्हाला पेननं गोल काळे करायचे असतात, खोडता येत नाही. म्हणाली, आसू द्या की खिशात.

एकूण हिशोब. विश्रांतीतून झालेला अभ्यास: एक हजार त्र्याऐंशी तास. प्रत्यक्ष वाचलेला: जेमतेम सोळा. तयारी पूर्ण आहे.

संडासला पाचव्यांदा जाऊन आलो. पाणी बदललं असेल.

२३ नोव्हेंबर. बीड. बसस्टँडवर. संध्याकाळी पाच.

उभ्यानं लिहितोय, अक्षर वाईट येतंय.

सकाळी जिना चढताना दोनदा कठडा धरला. जिना तोच होता, रोज दिसायचा तो. महानंदा तिच्या खोलीकडं वळताना म्हणाली, घाबरू नका, मोठा श्वास घ्या. तिच्या हाताला घाम नव्हता.

पेपर आला. पहिला प्रश्न वाचला. पद्धतीप्रमाणं डोळे मिटले, म्हटलं एक हजार त्र्याऐंशी तास आहेत आत, वर येऊ द्यावेत. माझा स्वतःचा आवाज आठवला. महानंदाचे ओले केस आठवले. पुस्तकाचं पान आठवलं, हिरव्या रंगात अधोरेखित. आणि त्या पानावर, ओळीन् ओळ, सुग्रीवचे मेसेज. सोळा तारीख, पाच एक्कावन्न. नजर हलली की पेपर रद्द. मग डोळे उघडायचीच भीती वाटली. कुणीतरी खांद्याला हात लावला. पर्यवेक्षक. सर, बरं हाय ना तुमाला? पाणी आणलं. अख्खी खोली माझ्याकडं बघत होती. घड्याळात सव्वीस मिनिटं गेली होती.

नंतर गोल काळे केले. जिथं काही सुचलं नाही तिथं तिसरा पर्याय. तिसरा पर्याय बराच झाला. खिशात हात गेला तर खोडरबर लागला, तो मुठीत धरून बसलो.

बाहेर आल्यावर महानंदानं विचारलं, कसा गेला? म्हटलं, सोपा होता. ती म्हणाली, मला तर जरा अवघड गेला, चाळीसेक चुकले असतील.

म्हणजे एकशे दहा बरोबर!

बाईमाणसाला अंदाज येत नाही.

२४ नोव्हेंबर

शिवकन्यानं विचारलं, खोडरबर कामाला आला का? म्हटलं, आला.

१५ डिसेंबर

तात्पुरती उत्तरसूची आली म्हणे. मी पाहिली नाही. तात्पुरत्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. महानंदानं शहादेवकडून छापून आणली आणि देवघरात ठेवली. पेन्सिलनं काहीतरी बरोबर-चूक करत होती. मला बघून पदराखाली घेतली.

ग्रुपवर सुग्रीव म्हणतो निकालच लागणार नाही. यावर मात्र विश्वास बसला. रात्रीची झोप सुधारली.

जानेवारी, मधला आठवडा. सोमवार. संध्याकाळी सात.

लागला.

शहादेवचा फोन आला, सर, या. म्हटलं, फोनवर सांग. म्हणाला, या की. दोघं गेलो. सेंटरवर गर्दी होती, त्यानं सगळ्यांना बाहेर थांबवलं. आधी महानंदाचा नंबर टाकला. बाई, पास! एकशे सात! तो खुर्चीवरून उठला. महानंदानं तोंडावर पदर धरला. मला आनंद झाला. खरंच झाला, साधारण दहा सेकंद.

मग माझा टाकला. स्क्रीनकडं बघत राहिला. बोलला नाही. हेही मी आधी पाहिलं होतं.

एकोणसाठ.

शहादेव हळू म्हणाला, सर, पुढच्या टायमाला व्हतंय, हुशार हाव तुमी, फक्त लक्ष देत न्हाई. हे वाक्य माझंच. चौथीत दर चाचणीला त्याच्या वहीवर लिहायचो.

 घरी आल्यावर महानंदानं चहा ठेवला. मी म्हटलं, पद्धतच खोटी निघाली. ती म्हणाली, पद्धत खोटी कशी म्हणता, पोरांचं आलं की, माझं आलं की. मग गॅस बारीक केला आणि विचारलं, रोज वाचून झाल्यावर, बसायच्या आधी, तुमी काय करत व्हताव?

मोबाईल. पाचच मिनिटं.

म्हणाली, मग तेवढंच पक्कं झालं.

  मी रडलो. तिला सगळं सांगितलं. जिना, दार, चौथीचं उदाहरण, ऊसतोडीची टोळी. तिला म्हटलं, मला लई भ्या वाटतंय गं. ती म्हणाली, मला म्हाईत व्हतं, तुमी गणिताचं पुस्तक उलटं धरून वाचत व्हताव तवाच कळलंतं. मग म्हणाली, दीड वर्ष हाय अजून. आणि माझा मोबाईल उचलून ज्वारीच्या डब्यात ठेवला.

मंगळवार. दुपारी.

वर्गात शिवकन्यानं विचारायच्या आधीच सांगितलं, नापास झालो.  खोडरबर परत द्यायला काढला. तिनं घेतला नाही. म्हणाली, परत पेपर हाय ना? मग ठिवा.

बुधवार. सकाळी सहा.

महानंदानं पाचला उठवलं. पाणी मारून उठवलं. केस ओले, पुस्तक तिच्या हातात. पंधरा मिनिटं तिनं वाचलं, हळू, मी ऐकलं. नळ आणि टाकी. बारा तास का, ते पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, फक्त पाच मिनिटं ग्रुपवर बघून येतो, सुग्रीवचं काय झालं ते. ती विभूती लावता लावता थांबली आणि माझ्याकडं बघितलं. वर्गात मी असा बघतो तेव्हा पोरं जागच्या जागी बसतात, ती का बसतात ते समजलं.

म्हणाली, हाताची घडी.

घातली.

म्हणाली, तोंडावर बोट.

घडी मोडल्याशिवाय बोट तोंडावर नेता येत नाही. एकवीस वर्षांत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. एक हात सोडला आणि बोट ठेवलं.